घर नावाचा विषय

दहावीचा निकाल लागला, की आमच्या तळेगाव दाभाड्यात पेढ्यांच्या पुड्यांबरोबर एक प्रश्नही घरोघर हिंडू लागतो. "मग काय, सायन्स की कॉमर्स?" विचारणारा शेजारी असो, मामा असो, की लोणावळा लोकलमध्ये भेटलेला अनोळखी गृहस्थ असो, त्याच्या प्रश्नात तिसरे नाव कधी नसते. कला शाखा अस्तित्वात आहे हे सर्वांस ठाऊक असते. पण घरातल्या न कमावत्या काकांची ओळख पाहुण्यांना जशी घाईघाईने करून द्यावी, तसा तिचा उल्लेख होतो. आणि त्यातही मुलाने ‘समाजशास्त्र’ घेतले असे कळले, की "सोपा आहे म्हणे तो विषय, गोष्टीच असतात सगळ्या!" असे म्हणून पाहुणे दुसऱ्या पेढ्याकडे वळतात.

मी समाजशास्त्राचा नव्हे, मराठीचा अध्यापक आहे. परंतु अकरावी-बारावीच्या ज्या वर्गात मी कविता शिकवतो, त्याच वर्गाच्या फळ्यावर आधीच्या तासाचे ‘कुटुंब’, ‘विवाह’, ‘समुदाय’ असे शब्द लिहिलेले असतात. ते पुसूनच मला माझा तास सुरू करावा लागतो. गेली काही वर्षे मात्र ते पुसताना हात जरा थांबतो. कारण त्या शब्दांचे परिणाम मला मुलांच्या निबंधांच्या वह्यांत दिसू लागले आहेत. ‘माझे घर’ या विषयावर ज्या मुलाला चार ओळींपलीकडे जाता येत नसे, तो स्वतःच्या घराकडे चार पावले मागे सरून पाहू लागतो, आणि दिसले की लिहितो. हा विषय सोपा तर नाहीच. पण आपल्या मुलांच्या सुखदुःखाला इतका जवळचा दुसरा विषय उच्च माध्यमिक वर्गांत नाही, असे माझे मत होत चालले आहे. ते का, एवढे या दिवाळीच्या निवांतपणी वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

पुस्तकात आहे तरी काय?

प्रथम अभ्यासक्रम पाहू. अकरावीला समाजशास्त्राची ओळख, त्यातील मूळ कल्पना, कुटुंब व विवाह यांसारख्या सामाजिक संस्था, संस्कृती, सामाजीकरण, समाजातील उच्चनीचतेच्या पायऱ्या आणि सामाजिक बदल. बारावीला भारतीय समाज: आदिवासी, ग्रामीण आणि नागरी, त्यातील विविधता, चळवळी, आणि शेवटी समाजापुढचे प्रश्न. त्या प्रश्नांची यादी वाचा: वार्धक्य, बेकारी, शेतकऱ्यांच्या आत्महत्या, घरगुती हिंसाचार, व्यसनाधीनता. सतराअठरा वर्षांच्या मुलापुढे आपण या गोष्टी ठेवतो, आणि वर म्हणतो, ‘सोपा विषय’!

याच्या जोडीला ‘बालविकास’, ‘अन्नशास्त्र आणि तंत्रज्ञान’, ‘वस्त्रशास्त्र’ असे गृहशास्त्राच्या कुळातले विषयही आपल्या राज्य मंडळाच्या यादीत आहेत. पण ते थोड्याच ठिकाणी शिकवले जातात आणि तेथे बहुधा मुलीच बसलेल्या दिसतात. त्याविषयी पुढे बोलू.

आपल्याकडेच हे चालते असेही नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत ‘समाज आणि कुटुंब अभ्यास’ असा एक स्वतंत्र विषयच मुलांना घेता येतो. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याला एखादा प्रश्न निवडून, माणसांना भेटून, आपले आपण संशोधन करावे लागते. कुटुंब, समाज आणि त्यांतल्या माणसांचे कुशल यांचा एकत्र विचार करावयाचा, ही त्यामागची कल्पना. ती आपल्याला परकी वाटावयास नको. पत्राच्या आरंभी "येथील सर्व कुशल, तिकडील मंडळींची खुशाली कळवावी" असे लिहिणारी ही आपली भाषा. आपण एकट्या माणसाची खुशाली विचारतच नाही, मंडळींची विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेत आरोग्याची व्याख्या शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य अशी केली आहे. त्यातला ‘सामाजिक’ हा शब्द आमच्या आजीने पोस्टकार्डावर केव्हाच लिहून ठेवला होता.

साडू म्हणजे कोण?

एकदा मी वर्गात विचारले, "साडू म्हणजे कोण?" निम्मा वर्ग एकमेकांकडे पाहू लागला. एकाने "सर, भांडकुदळ माणूस" असे उत्तर दिले, आणि हशा पिकला. मुलांचा दोष नाही. एकुलत्या एक मुलीच्या नवऱ्याला साडू कोठून असणार? आणि एकुलत्या एका मुलाच्या मुलाला तर ‘काका’ आणि ‘आत्या’ हे शब्दही शेजाऱ्यांकडून उसने घ्यावे लागतील. भाषेतला एक शब्द मावळतो, तेव्हा घराच्या रचनेतले एक माणूस कमी झालेले असते.

या शब्दांच्या वाटेने भारतातल्या कुटुंबसंस्थेचा माग काढणाऱ्या विदुषी आपल्या पुण्याच्याच होत्या. डॉ. इरावती कर्वे १९३९ पासून डेक्कन कॉलेजात होत्या. त्यांचा ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या भाषांतले नात्यांचे शब्द त्यांनी गोळा केले, कारण नात्याच्या हाकेत लग्नाचा नियम लपलेला असतो. आपल्या घरातलेच उदाहरण घ्या. जुन्या घरांत सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणे. का बरे? महाराष्ट्रात अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल होती. मुलाने मामाची मुलगी केली, की त्या मुलीची सासू म्हणजे तिच्या वडिलांची बहीण, सख्खी आत्याच! पुढे दूरच्या घरांत सोयरिकी होऊ लागल्या, तरी हाक मात्र तीच राहिली. उत्तरेकडे असे विवाह निषिद्ध, दक्षिणेकडे सर्रास. आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये उभा आहे, हे इरावतीबाईंनी दाखवून दिले.

हे सांगितले, तेव्हा वर्गातल्या एका मुलीने घरी जाऊन पणजीला विचारले. पणजीने चुलीपाशी बसून सांगितलेली सोयरिकींची हकीकत तिने सहा पाने भरून लिहून आणली. त्या सहा पानांतले शुद्धलेखन मी तपासले नाही.

चूल वेगळी, घर एक

‘एकत्र कुटुंब मोडले’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो, की ते तपासून पाहावे असे कोणास वाटत नाही. कुटुंब मोडले म्हणजे नेमके काय झाले? मराठीत त्याला नेमका शब्द आहे: ‘चूल वेगळी झाली.’ आणि गंमत अशी, की भारताच्या जनगणनेने कुटुंबाची जी व्याख्या केली आहे, तिचा गाभाही तोच: जी माणसे एरवी एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातले जेवतात, ते एक कुटुंब. सरकारी कारकुनाने आणि आमच्या वाड्यातल्या म्हातारीने, एकमेकांस न विचारता, एकच खूण निवडली!

पण ही खूण पुरी पडते का? समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा या गावच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि तो १९६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे असे, की भाऊ निरनिराळ्या छपरांखाली राहिले, तरी मालमत्ता, देवकार्य आणि अडीअडचणीतले कर्तव्य यांनी ते बांधलेले असतात. तेव्हा नुसत्या भिंती मोजून एकत्रपणा ठरवू नये.

आमच्याकडील एका विद्यार्थिनीच्या वहीत मला याचाच पडताळा आला. वडील तळेगाव स्टेशनजवळ दोन खोल्यांत, एक काका चिखलीला, मोठे काका मराठवाड्यातल्या मूळ गावी. चुली तीन. पण गावच्या शेतीवरचे कर्ज तिघांचे, आजीच्या औषधाचा खर्च तिघांचा, गणपती एकाच घरी. "सर, आमचे कुटुंब विभक्त लिहू की संयुक्त?" तिने विचारले. मी तिला समाजशास्त्राच्या बाईंकडे पाठवले. बाईंनी सांगितले, "जसे आहे तसे लिही. पुस्तकातल्या दोन खणांत मावत नसेल, तर तिसरा खण तू आख." मला वाटते, त्या दिवशी त्या मुलीला शिक्षण मिळाले.

पिंपळे सौदागरचे संसार

आपल्या घराचा असा अभ्यास करणे हे काही नव्या जमान्याचे खूळ नव्हे. ज्या पट्ट्यात आपण राहतो, त्यानेच या अभ्यासाला भारतात फार जुनी आणि मोलाची उदाहरणे दिली आहेत.

आज पिंपळे सौदागर म्हटले, की उंच इमारती, मॉल आणि संगणक कंपन्यांत नोकरी करणारी जोडपी डोळ्यांपुढे येतात. शंभरावर वर्षांपूर्वी ते पुण्याजवळचे एक साधे खेडे होते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्या खेड्यातल्या प्रत्येक कुटुंबाची जमीन, कर्ज आणि मिळकत तपासली, आणि १९१७ साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातला एक आकडा आजही अंगावर येतो. १७७१ साली त्या गावात शेतकऱ्याचे सरासरी क्षेत्र ४० एकर होते. १८१८ पर्यंत ते साडेसतरा एकरांवर आले, आणि मॅनसाहेबांनी पाहणी केली तेव्हा उरले होते सात एकर. गावातली बहुसंख्य कुटुंबे शेती आणि मजुरी मिळूनही आपला खर्च भागवू शकत नाहीत, असे त्यांस आढळले. भावाभावांतल्या वाटण्या, सावकाराचे दार, बाहेरच्या कामाची ओढ, हे सारे त्या आकड्यांच्या मागे आहे. ‘त्या घराला उधळेपणा नडला’ असे गावकरी म्हणत असतील. मॅनसाहेबांनी दाखवले, की जवळजवळ सारे गावच त्या चक्रात सापडले होते.

पुण्याच्या पलीकडे, नगर रस्त्यावर, लोणीकंद आहे. टॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने पेशवाई बुडाल्यानंतर लगेच या गावाची पाहणी केली आणि ती १८२३ साली छापून आली. पुढे मुंबई विद्यापीठाचे प्रा. गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाची पुन्हा पाहणी केली आणि सव्वाशे वर्षांत तेथे काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे १९६० साली पुस्तकरूपाने मांडले. घुर्ये मूळचे मालवणचे. मुंबईतला समाजशास्त्र विभाग त्यांनी वाढवला, आणि इरावतीबाई त्यांच्याच विद्यार्थिनी. इकडे पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहरातल्या कुटुंबांची पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५ साली निघाला.

तेव्हा आमच्या बारावीच्या मुलाने हातात वही घेऊन शेजारच्या सोसायटीत ‘तुम्ही येथे केव्हा आलात?’ असे विचारले, तर तो रिकामटेकडेपणा करीत नाही. तो फार मोठ्या माणसांच्या वाटेने चालला आहे.

एका गावाचे चार गाव

आणि हे विचारण्यासाठी तळेगावाइतकी चांगली जागा शोधून सापडावयाची नाही. हे सरसेनापती दाभाड्यांचे गाव. १८५८ साली खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आगगाडी आली आणि गावाला ‘स्टेशन’ नावाचे दुसरे गाव जोडले गेले. अजूनही येथे माणूस ‘गावात’ राहतो किंवा ‘स्टेशनला’ राहतो. तिसरे गाव कारखान्यांचे: पिंपरीला १९५४ साली पेनिसिलिनचा कारखाना निघाला आणि पुढच्या दशकांत तो औद्योगिक पट्टा वाढत वाढत चाकणपर्यंत आणि आमच्या वेशीपर्यंत पोचला. चौथे गाव सोसायट्यांचे; तेथे पाटी इंग्रजी, पहारेकरी बिहारचा आणि रहिवासी सोळा जिल्ह्यांचे. २००१ साली दहा लाखांच्या आसपास असलेली पिंपरी-चिंचवडची वस्ती २०११ च्या जनगणनेत सव्वासतरा लाखांवर गेली. ती सारी माणसे कोठून तरी आपले घर अर्धे ठेवून आणि अर्धे घेऊन आली आहेत.

‘समुदाय’ म्हणजे काय, हे शिकवावयाचे तर मुलांना याच गावातली एक गोष्ट सांगावी. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी कल्पना काढली, की देशातल्या प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या पैशांतून देशी उद्योग उभा राहावा. लोकमान्यांनी ती उचलून धरली. त्या पैसा फंडातून १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला, तो आमच्या तळेगावात! त्याच सुमारास विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षणाचे व्रत घेऊन येथे आले, आणि १९१० साली सरकारने ते बंद पाडले. एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे एका पैशाने एकमेकांशी बांधली जात होती. आज एका जिन्यावर समोरासमोर राहणाऱ्या दोन बिऱ्हाडांना एकमेकांची आडनावे दारावरच्या पाटीवरून कळतात. मग समुदाय म्हणजे जवळ राहणे, की एकमेकांचे देणे लागणे? हा प्रश्न परीक्षेत दहा गुणांना विचारता येईल. जगताना मात्र त्याचे उत्तर रोज द्यावे लागते.

रोज निघणारा डबा

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्याखातरच हा सारा लेख लिहावयास घेतला.

काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या निबंधात मी एक परिच्छेद वाचला. त्याची ओळख पटेल असे काहीही येथे देत नाही. या पट्ट्यातल्या एका कारखान्यातले त्याच्या वडिलांचे काम गेले होते. पण ते रोज सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊन घराबाहेर पडत, आणि संध्याकाळी परत येत. आई डबा भरून देई. घरात सर्वांना ठाऊक होते, आणि कोणी बोलत नव्हते. डबा शेजाऱ्यांसाठी होता. ‘आमच्या घराला काहीतरी झाले आहे आणि ते फक्त आमच्याच घराला झाले आहे,’ अशा अर्थाचे त्याने लिहिले होते. त्या वर्षी तो मुलगा वर्गात मागच्या बाकावर बसे आणि खेळाच्या तासालाही बाहेर पडत नसे.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ साली ‘द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन’ या पुस्तकात एक भेद सांगितला आहे. एक असते माणसाची खाजगी अडचण आणि दुसरा असतो सार्वजनिक प्रश्न. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असला, तर त्याचा स्वभाव, त्याचे कसब आणि त्याची संधी पाहावी. पण पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर त्याचे उत्तर एकेका माणसाच्या स्वभावात शोधणे व्यर्थ होय. पिंपळे सौदागरच्या जमिनींचेही तेच होते.

समाजशास्त्राच्या तासाला हा भेद शिकवला गेला. प्रकल्पासाठी मुलांनी ‘कामधंद्यातले बदल आणि घर’ असा विषय घेतला आणि आपापल्या आळीत चार घरी विचारपूस केली. आमच्या त्या मुलाला त्याच्याच रस्त्यावर आणखी दोन घरे सापडली, जेथून सकाळी तसाच डबा निघत होता.

यातून त्याच्या वडिलांना नोकरी मिळाली, असे मी सांगणार नाही; मिळाली नाही. पुढे त्यांनी दुसऱ्यांच्या भागीत एक लहान टेम्पो घेतला, एवढे मला ठाऊक आहे. पण त्या प्रकल्पानंतर मुलाने घरी वडिलांना सांगितले, "बाबा, उद्यापासून डबा नको. घरीच जेवा." ते वडील चिडले, रडले, की हसले, हे मी विचारले नाही. मुलगा मात्र मागच्या बाकावरून उठून पुढे बसू लागला, हे मी स्वतः पाहिले. घरावरचे संकट दूर करण्याचे सामर्थ्य कोणत्याच पुस्तकात नसते. पण ते संकट म्हणजे आपल्या घरावरचा डाग नव्हे, एवढे तरी या पुस्तकाने त्याला सांगितले. लाज एकट्याची असते तोवर ती माणसाला खाते. ती वाटली गेली की तिचा प्रश्न होतो, आणि प्रश्नाला निदान हात घालता येतो.

घरातली भांडी चव्हाट्यावर?

याला आक्षेप आहेत, आणि ते खोटे नाहीत. एक पालक तावातावाने आमच्याकडे आले होते. "पोरगी विचारते, आपल्या घरात निर्णय कोण घेते, शेवटी कोण जेवते, कर्ज किती. हे काय शिकवता? घरातली भांडी चव्हाट्यावर आणायची?" मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांचे म्हणणे निम्मे खरे होते. घराची अब्रू ही मध्यमवर्गीयांची एकच ठेव. तिला मुलांनी हात लावावा, हे कोणाला रुचेल?

पण अभ्यास आणि उखाळ्यापाखाळ्या यांत फरक आहे, आणि तो फरक शिकवणे हाच या विषयाचा अर्धा भाग आहे. उखाळ्यापाखाळ्यांत नाव आधी येते आणि निवाडा लगेच. अभ्यासात नाव लिहावयाचे नसते, विचारण्याआधी परवानगी घ्यावयाची असते, समोरचा ‘नाही’ म्हणाला तर उठून यावयाचे असते, आणि निवाडा द्यावयाचा नसतो. आमच्या बाईंचा नियम आहे, की वहीत माणसांच्या जागी अक्षरे यावीत, आणि कर्जाचा आकडा कोणासही विचारू नये. तो नियम त्या पालकांना दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शेवटी कोण जेवते, हा प्रश्न मात्र बरोबर होता." चहा संपवून ते गेले. त्या घरात जेवणाची पंगत बदलली की नाही, हे विचारण्याचा अधिकार मला नव्हता.

दुसरा आक्षेप पोटाचा. "याने नोकरी मिळेल काय?" त्याचेही उत्तर आहे. समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटा संस्था मुंबईत १९३६ साली निघाली, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ साली. १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशक लागतात. रुग्णालयांत, शाळांत, कारखान्यांच्या कामगार-कल्याण विभागांत माणसांशी माणसासारखे बोलणारी माणसे लागतात. पगार अभियंत्याइतका मिळत नाही, हे खरे. पण अभियंता झालेल्या मुलालाही संध्याकाळी घरी यावयाचे असते, आणि घर चालवण्याचे यंत्रशास्त्र त्याला कोणीच शिकवलेले नसते.

मुलींचा विषय?

येथे तो मघाचा मुद्दा येतो. घराचा अभ्यास म्हटला, की तो मुलींनी करावा असे आपण गृहीत धरतो. याला एक बोलका इतिहास आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती जपानमधील महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका आली. १९१५ साली मुंबईला सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ साली ते सुरूही केले. गृहजीवनाचे शास्त्र हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे त्यांनी त्या काळी ठरवले. त्या वेळी मुलींना उच्च शिक्षणाचे दार उघडावे, हीच क्रांती होती. मुलांनाही हा विषय द्यावा, असे म्हणण्याची ती वेळ नव्हती.

पण ज्या जपानकडून ती प्रेरणा आली, तो देश तेथेच थांबला नाही. तेथे १९९४ पासून उच्च माध्यमिक शाळांत गृहविज्ञान हा विषय मुलगे आणि मुली दोघांनाही सक्तीचा आहे. आपण मात्र अर्ध्या वाटेवरच बसलो आहो. आमच्या वर्गातल्या मुलांना चाकणच्या कारखान्यात कोणता भाग कोठे बसतो ते ठाऊक असते. घरी आजीच्या गोळ्या कोणत्या वेळेला द्यावयाच्या, हे ठाऊक नसते. त्या गोळ्या बहीण देते. एका मुलाने प्रकल्पासाठी आईचा एक दिवस घड्याळ लावून लिहून काढला. पहाटे पाच ते रात्री साडेअकरा. शेवटी त्याने लिहिले, ‘आई काही करत नाही, असे मी आजवर फॉर्मवर लिहीत आलो.’ फॉर्मवरचा तो रकाना आपण सर्वांनीच भरलेला आहे.

दिवाळीपुरते एवढे करा

वाचकहो, शाखा निवडण्याचा आग्रह मी कोणास करीत नाही. ज्याला गणित आवडते त्याने खुशाल गणित करावे. परंतु मुलाने समाजशास्त्र किंवा बालविकास घ्यावे म्हटले, तर ‘सोपा विषय’ म्हणून नाक मुरडू नये. आणि विज्ञान घेतलेल्या मुलालाही हा अभ्यास घरी थोडा करू द्यावा. त्याची वेळ दिवाळीइतकी चांगली दुसरी नाही. वर्षभर विखुरलेली माणसे चार दिवस एका छपराखाली असतात.

भाऊबीजेच्या दुपारी, ओवाळणी झाली आणि फराळाची ताटे उचलली गेली, की मुलांच्या हाती एक मोठा कागद द्यावा आणि घराची वंशावळ काढावयास सांगावे. एकच अट घालावी: बायकांची नावे आलीच पाहिजेत, आणि तीही माहेरची. मग कोण कोणत्या गावाहून आले, कोणाची चूल केव्हा वेगळी झाली, कोणाचे काम गेले आणि कोणी कोणाला तेव्हा सांभाळले, हे मोठ्यांनी सांगावे आणि मुलांनी लिहावे. काही गोष्टी सांगताना आवाज अडखळेल. तेथे मुलांनी लेखणी खाली ठेवावी. बहुतेक घरांत पणजीच्या माहेरच्या नावापाशी कागद कोरा राहील. तो कोराच ठेवावा, आणि ते नाव ज्यांना ठाऊक असेल, अशा गावाकडच्या थोरल्या आत्याला त्याच संध्याकाळी दूरध्वनी करावा.